मेहुण्याबरोबर नोरिकुरावर

माझ्या बायकोचा मोठा भाऊ आणि मी बारा वर्षं एकमेकांना अहो-जाहो करत आलो, आणि त्या बारा वर्षांत आमच्यात मायेचा एक शब्द झाला नाही. मी त्याला बायकोसारखंच 'दादा' म्हणायचो. तो मला 'जावईबापू' म्हणायचा, आणि त्या शब्दात जेवढी खोच घालता येते तेवढी घालायचा. आमचं लग्न ठरत असताना त्याने पुण्याच्या घरी सांगितलं होतं, "मुलगा सरळ आहे, पण पुढे जाणारा नाही." हे मला लग्नानंतर दोन वर्षांनी एका मावशीकडून कळलं. तोवर आम्ही दोघंही जपानात येऊन पडलो होतो. तो टोकियोतल्या बँकेत, राहायला इचिकावाला. मी नागोयाला, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनच्या कामावर. तोंडावर मी त्याला कायम 'तुम्ही' म्हटलं. इथे 'तो' लिहितोय, कारण मनात मी त्याला कधी दुसरं काही म्हटलं नाही.

स्कीइंग मला नागोयाच्या ऑफिसातल्या लोकांनी शिकवलं. मी हळू शिकलो आणि अजून हळूच करतो, पण माझ्या गटाला लिफ्टच्या स्की रिसॉर्टपेक्षा वसंतातले डोंगर आवडायचे, त्यामुळे मे महिन्यातल्या बर्फावर पायी चढून स्कीवर उतरायची सवय मला लागली. दादाचं उलट होतं. बँकेच्या पाहुण्यांबरोबर मोठमोठ्या रिसॉर्टला जाऊन तो उत्तम स्की करायला शिकला होता. सपाट केलेल्या उतारावर त्याला पाहणं हा आनंद होता, हे मी नाइलाजाने मान्य करतो. डोंगरावर तो कधी चढला नव्हता.

त्या वर्षी त्याची बायको मुलाला घेऊन मुंबईला परत गेली. सुट्टीला म्हणून गेली आणि आलीच नाही. माझी बायको रोज संध्याकाळी त्याला फोन करायची. एप्रिलच्या शेवटी ती मला म्हणाली, "मेच्या सुट्टीत तुम्ही डोंगरावर जाणार आहात ना? दादाला घेऊन जा."

"त्यांना माझ्याबरोबर यायला आवडणार नाही."

"मी विचारलंय. येतो म्हणाला."

आमची दहा वर्षांची मुलगी मधेच जपानीत म्हणाली, "मामा कोवाई." मामाची भीती वाटते. बायकोने तिला दटावलं. मला मुलगी बरोबर वाटली.

आदल्या संध्याकाळी आम्ही नोरिकुरा डोंगराच्या पायथ्याशी एका मिन्शुकुत उतरलो. घरगुती मुक्काम, एका खोलीत दोन गाद्या. मी त्याला दुसऱ्या दिवसाचा हिशोब समजावून सांगितला. वसंतातला बर्फ घड्याळावर चालतो. रात्री आभाळ मोकळं असलं की तो गोठून काचेसारखा होतो, सकाळी स्कीच्या कडा खरवडल्या तरी रुतत नाहीत. ऊन चढलं की वरचे दोन-तीन इंच सुटे होतात, जाड साखरेसारखे. जपानी लोक त्याला साखरेच्याच नावाने ओळखतात, 'झारामे'. ती साखर तास-दोन तास टिकते. तेवढ्यात उतरलं की स्की आपोआप वळते. उशीर झाला तर खाली ओल्या वाळूसारखा राडा होतो. आणि मधेच ढग आला, वारा सुटला, तर तोच भिजलेला बर्फ पुन्हा थिजतो आणि सकाळपेक्षा वाईट होतो.

"उद्या दुपारी दोननंतर हवा बिघडणार आहे," मी म्हणालो. "पश्चिमेकडून वारा येतोय. पहिल्या बसने गेलो तर बाराच्या आत शिखर गाठून खाली निघू."

तो फोनवर काहीतरी वाचत होता. "ऑफिसात प्रेझेंटेशन द्यायला तुम्ही चांगले असाल, जावईबापू," तो म्हणाला.

सकाळी पहिली बस चुकली. मी दोघांच्या स्की खाली नेऊन रांगेत उभा होतो आणि तो मिन्शुकुच्या दारात उभं राहून फोनवर कुणाशीतरी वाद घालत होता. पुढची बस तासाभराने होती, आणि वरच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे. तो आला तेव्हा बस वळणाआड गेली होती. "एक तासाने काय बिघडतं?" तो म्हणाला. पुढचा तासभर आम्ही बसथांब्यावर एका बाकाच्या दोन टोकांना बसून राहिलो.

बस जिथपर्यंत जाते तिथे डोंगरावरची एक जुनी झोपडी आहे, लाकडी, मोठी, चढणाऱ्यांच्या मुक्कामाची. तिथून पुढे रस्ता बर्फाखाली. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून आम्ही चढायला लागलो. त्या पट्ट्यांमुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. वाकडी झाडं बर्फातून डोकी काढून होती. बर्फ पांढरा नव्हता. चीनकडून येणारी पिवळी धूळ त्यावर बसली होती, आणि सगळा डोंगर जुन्या चादरीसारखा मळकट दिसत होता. तासाभराने झाडं संपली आणि एक प्रचंड मोकळं पठार लागलं. वाट चुकू नये म्हणून बांबूच्या काठ्या रोवल्या होत्या, टोकाला लाल चिंध्या बांधलेल्या.

मी पुढे होतो. मला माझी हळू, एकसारखी चाल येते. त्याला ती सहन होत नव्हती. तो झपाझप पुढे जायचा, धापा टाकत थांबायचा, मी त्याला ओलांडून जायचो, की तो पुन्हा पुढे. प्रत्येक वेळी शेजारून जाताना काहीतरी बोलायचा. "सासूबाई म्हणायच्या, जावई शांत आहे. झोपाळू म्हणायचं होतं बहुतेक त्यांना." सासूबाई म्हणजे त्याचीच आई, आणि त्या असं काही कधी म्हणाल्या नव्हत्या.

पठारापर्यंत बर्फ छान सुटला होता. ऊन होतं. आम्ही तेव्हाच उतरायला वळलो असतो तर दोन तास सुखाचे गेले असते. पण पठार संपून शेवटचा चढ लागला तसा वारा आला. खांद्यापाशी, म्हणजे जिथे उतार थोडा विसावा घेतो आणि मग शिखराचा सुळका सुरू होतो तिथे, आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. तिथला बर्फ वाऱ्याने घासून घासून चकचकीत झाला होता. त्यावर स्कीच्या पट्ट्या धरेनात. आम्ही स्की काढून बुटांना लोखंडी दाते बांधले. वारा इतका होता की बोलायला एकमेकांच्या कानापाशी जावं लागत होतं, आणि त्या माणसाच्या कानापाशी जाणं मला नको होतं. वर शिखरावरचं छोटं देऊळ दिसत होतं. त्याच्या पलीकडे, पश्चिमेला, ढगाची एक राखी भिंत उभी होती.

"दादा, इथून परत फिरू," मी म्हणालो.

"का? शिखर समोर दिसतंय."

"अर्ध्या तासाने दिसणार नाही. ढग बघा. आणि खालचा बर्फ परत गोठायला लागलाय."

"वीस मिनिटांचा रस्ता आहे."

"चढायचा. उतरायचंय पण."

तो हसला. "जावईबापू, तुमचं सगळं असंच. कंपनी तीच, टेबल तेच. समोर दिसत असतं आणि तुम्ही हात पुढे करत नाही. माझ्या बहिणीला मी सांगितलं होतं."

मी म्हणालो, "जा तू. मर जाऊन तिकडे."

वाऱ्यातसुद्धा ते त्याला स्पष्ट ऐकू गेलं. त्याने चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणालास?"

"जा म्हणालो. बायको गेली तुझी, ती का गेली हे मला इथे उभं राहून कळतंय."

असं मी बोललो. त्याने मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त मान हलवत राहिला, मग त्याने आपल्या स्की पाठीवरच्या पिशवीला बांधल्या. "इथेच थांब," तो म्हणाला. "पाऊण तासात येतो."

"थांबतो," मी म्हणालो.

त्याची निळी पाठ सुळक्यावर लहान होत जाताना मी पाहिली. एका खडकाच्या आडोशाला बसलो. खडकावर वाऱ्याच्या दिशेने बर्फाची पिसं वाढली होती, हाताएवढी लांब. मी ती एकेक मोडत बसलो. बोटं दुखायला लागली. वीस मिनिटांनी ढगाने शिखर खाल्लं. देऊळ गेलं, सुळका गेला. मी उठलो, दाते सोडले, स्की चढवल्या. दोन मिनिटं उभा राहिलो. मग खाली निघालो.

घाबरून निघालो असं मी नंतर स्वतःला सांगून पाहिलं. भीती होतीच. पण त्या क्षणी मनात काय होतं ते मला चांगलं आठवतं. मनात होतं, येऊ दे आणि बघू दे मोकळा खडक.

वरचा उतार भयंकर होता. स्की बर्फावर खडखडत होत्या, दात आपटत होते, प्रत्येक वळणाला मी आडवा होऊन कडांवर लटकत होतो. पण दीड-दोनशे मीटर खाली, एका खोलगट जागी वारा पोचला नव्हता आणि साखर तशीच्या तशी होती. तिथे मी पाच मिनिटं त्या वर्षातली सगळ्यात सुंदर वळणं घेतली. मला आनंद झाला. एका माणसाला मागे टाकून आलो असताना मला पोटातून आनंद झाला, हेही इथे लिहून ठेवतो.

पठारावर धुकं उतरलं होतं. एका काठीवरून पुढची काठी जेमतेम दिसत होती. चिंध्या मोजत मोजत मी झाडांपर्यंत आलो आणि तिथून झोपडीवर.

झोपडी चालवणारा माणूस सत्तरीचा असेल. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात वही. हवा बिघडली की डोंगरावर कोण उरलंय याची तो नोंद ठेवायचा. मी दारात बूट सोडत होतो तेव्हा त्याने विचारलं, "ओहितोरी देसु का?" एकटेच का?

"हाय," मी म्हणालो. "हितोरी." हो, एकटाच.

त्याने लिहिलं, आणि मला शेगडीजवळ बसवून मिसो सूप आणून दिलं. मी दोन्ही हातांनी वाटी धरली. लाकडं जळत होती. शेजारी एक म्हातारं जोडपं मोजे वाळवत बसलं होतं. बाई नवऱ्याच्या पायाची बोटं चोळत होती आणि तो डोळे मिटून होता. मी सूप संपवलं. दादाला शोधायला आता कुणी जाणार नव्हतं, कारण वहीत तो नव्हताच. हा विचार मी पूर्ण वाक्यात केला. मग तेच वाक्य मला पुन्हा ऐकू आलं, आणि या वेळी बायकोच्या आवाजात.

मी उठून त्या माणसापाशी गेलो. "माफ करा," मी म्हणालो. "आम्ही दोघं होतो."

त्याने पेन घेतलं. वहीतली ओळ खोडली, नवीन लिहिली. मग प्रश्न सुरू केले. शेवटचं कुठे पाहिलं, किती वाजता, कोटाचा रंग, फोनमध्ये नकाशा आहे का. नकाशाचं मला माहीत नव्हतं. त्याने शिट्टी आणि दोर घेतला, जाड कोट चढवला आणि म्हणाला, "या."

आम्ही दोघं झाडांच्या वर, पठाराच्या कडेपर्यंत गेलो. तो दर शंभर पावलांवर थांबून तीनदा शिट्टी वाजवायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा. मी त्याच्या मागे. मी हाका मारत नव्हतो. घशात 'दादा' येत नव्हतं, आणि दुसरं काय म्हणून हाक मारायची ते सुचत नव्हतं. पाऊण तास असा गेला. मग धुक्यातून एक आवाज आला, आणि काही वेळाने तो स्वतः आला. चालत. एक स्की खांद्यावर, दुसरी नाही. डाव्या बाहीची चिंधी झालेली. गाल सबंध खरचटून रक्त गोठलेलं.

झोपडीवाल्याने त्याला थर्मासमधून चहा दिला. तो घोट घेत माझ्याकडे बघत होता.

"पडलास?" मी विचारलं.

"घसरलो. शंभरएक मीटर." मग म्हणाला, "खांद्यावर अर्धा तास तुला शोधत होतो, गाढवा. म्हटलं तू त्या बाजूला कड्यावरून गेलास की काय. कडेला जाऊन जाऊन बघत होतो. तिथेच पाय सुटला."

"ढग आला म्हणून निघालो मी."

त्याने चहा संपवून कप झोपडीवाल्याला परत दिला.

खाली झोपडीवाल्या म्हाताऱ्याने त्याला स्वयंपाकघरात बसवून जखम धुतली. मी बाहेर उरलेल्या तीन स्की एकत्र बांधत होतो. आतून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता. दादाचं जपानी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. शेवटच्या बसने आम्ही उतरलो आणि मी त्याला पायथ्याशी ठेवलेल्या माझ्या गाडीने मात्सुमोतो स्टेशनवर सोडायला निघालो. वाटेत कोनबिनीपाशी, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानापाशी, गाडी थांबवायला लावून त्याने तोंडाला लावायचा मास्क घेतला, गाल झाकायला. स्टेशन आलं तेव्हा म्हणाला, "तिला मी फोन करतो. तुम्ही काही सांगू नका."

'तुम्ही' परत आलं होतं. ते आधीपेक्षा गार होतं.

त्याने बहिणीला सांगितलं, की तो हट्टाने वर गेला आणि पडला, आणि जावईबापू झोपडीवाल्याला घेऊन धुक्यात वर आले आणि त्यांनी त्याला शोधून काढलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी घरी पोचलो तेव्हा बायको दारात रडत होती. तिने माझे हात धरले. दुसऱ्या दिवशी माझ्या आवडीचं डाळिंबीचं बिरडं केलं. पुण्यात सगळ्यांना फोन झाले. ज्या मावशीने मला ते जुनं वाक्य सांगितलं होतं तिनेही व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्या माणसाने माझं तोंड गोडाने बंद केलं होतं, आणि मी त्याचा आधी करत होतो त्याच्या दुप्पट द्वेष करायला लागलो.

गणपतीला तो नागोयाला आला. गालावर तांबूस डाग राहिला होता. घरात ऑफिसातली चार मराठी कुटुंबं जेवायला होती, आणि बायको त्यांना ती गोष्ट सांगत होती, धुकं, शिट्टी, सगळं. एकजण म्हणाला, "मानलं तुम्हाला." दादा ताटातला मोदक फोडत होता. त्याने त्यावर तूप घेतलं, खाल्ला आणि म्हणाला, "हो. नशीब माझं." माझ्याकडे पाहिलंही नाही.

तो गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलगी शाळेत गेल्यावर, मी बायकोला सगळं सांगितलं. थांबतो म्हणालो होतो ते. त्याच्या बायकोवरून बोललो ते. वहीचं. ती कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"काय किती वेळ?"

"एकटा आहे म्हणालात. ते किती वेळ?"

"दहा मिनिटं. पंधरा असतील."

तिने कोथिंबीर डब्यात भरली, डबा फ्रिजमध्ये ठेवला, फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने ती आत आली.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याने जखम धुताना सांगितलं त्याला. म्हणाला, तुमच्या सोबत्याने आधी एकटाच आहे म्हणून सांगितलं, पुढच्या वेळी माणूस बघून घ्या."

"मग ते बोलले का नाहीत?"

"मी विचारलं. म्हणाला, तुला तुझ्या घरात राहायचंय." तिने फोन टेबलावर ठेवला. "असं तो म्हणाला. मला राहायचंय की नाही ते मी ठरवेन."

पुढचे पंधरा दिवस ती माझ्याशी फक्त कचऱ्याच्या वारांबद्दल आणि शाळेच्या नोटिसांबद्दल बोलली. मग मुलीला घेऊन इचिकावाला दादाकडे गेली, नऊ दिवस राहिली आणि परत आली. परत का आली ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आम्ही आता नीट आहोत, म्हणजे भांडत नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये दादाचा मला फोन आला. तो मला सहसा फोन करत नाही. "नवीन स्की घेतल्यात," तो म्हणाला. "मेमध्ये परत तिथेच जाणार आहे. येताय का?"

तो खरंच बोलावत होता की डिवचत होता, मला आवाजावरून कळलं नाही. मी म्हणालो, ऑफिसात काम आहे.

"बरं," तो म्हणाला. "एकटाच जातो."

मेमध्ये तो ज्या शनिवारी डोंगरावर गेला त्या दिवशी मी खरोखरच ऑफिसात गेलो. मजल्यावर कुणी नव्हतं. मी कॉम्प्युटरवर डोंगराच्या हवेचं पान उघडलं आणि दर अर्ध्या तासाने ते नवं करून बघत बसलो. सकाळी आभाळ मोकळं, वारा कमी. अकराला वारा थोडा वाढला. एकला आणखी वाढला. आकडा वाढला की माझ्या छातीत काहीतरी उसळायचं, आणि ती काळजी होती की दुसरं काही, हे मी तेव्हाही तपासलं नाही. साडेचारला घरी गेलो. बायको स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती, हसत होती, "आणि बूट ओले झाले का, दादा?" असं विचारत होती. मी मोजे काढले, हात धुतले आणि टेबलावर ताटं मांडायला घेतली.